तुझं टार्गेट होत असेल तर राहू दे

(पत्र चार पानांचं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडं कापून देते आहे.)

नमस्कार मॅडम,

मी पुण्यात एमबीए करते, फायनान्स, पहिलं वर्ष संपलं. घर सोलापूरला, पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत. वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. दुसऱ्या सत्रानंतर आम्हाला आठ आठवड्यांचा समर इंटर्नशिप प्रोजेक्ट असतो, सगळे त्याला एसआयपी म्हणतात. मला एका खासगी बँकेची सोलापूरचीच शाखा मिळाली. कागदावर विषय होता ‘रिटेल बँकिंगमधील ग्राहक समाधान’. पहिल्या दिवशी मॅनेजर सरांनी विचारलं, “एसआयपी किती करशील?” मी म्हटलं, एकच, आठ आठवड्यांची. सगळे हसले. ते म्युच्युअल फंडाच्या एसआयपीबद्दल, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवायच्या योजनेबद्दल, विचारत होते.

रोज साडेनऊला हडल, म्हणजे सकाळची छोटी बैठक, मग आठवड्याला पाच बचत खात्यांचं टार्गेट. मे महिन्यात जुळे सोलापूरला सोसायट्यांच्या गेटवर कॅनोपी, म्हणजे बँकेचा छोटा मांडव, लावून बसले. आठवड्यात दोन खाती झाली. मॅनेजर म्हणाले, “ओळखीचं कुणीच नाही का तुझ्या?” मग आत्या, मामा, वडिलांचे मित्र, शेजारी अशी अकरा खाती झाली. आत्याला आता किमान शिलकीचा मेसेज आला आहे.

सहाव्या आठवड्यात आमचे शाळेतले गणिताचे सर. वय ६९. त्यांची दोन लाखांची एफडी दुसऱ्या बँकेत मुदत पूर्ण होत होती, हे मीच बोलता बोलता शाखेच्या आरएमना, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजरना, सांगितलं. आम्ही घरी गेलो. सरांच्या पत्नीला तेलुगूच नीट कळतं, आरएमना हिंदीशिवाय येत नाही, म्हणून मीच बोलले. मी म्हणाले, “एफडीसारखंच आहे, थोडं जास्त मिळतं.” मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. नंतर विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा आरएमनी खुणेने सांगितलं की सगळ्याला ‘हो’ म्हणायला सांग. मी सांगितलं. १८ जूनला पॉलिसी त्यांच्या घरी आली. दरवर्षी दोन लाख, सात वर्षं भरायचे आहेत. आरएम म्हणतात, “पुढच्या वर्षी बघू.” सरांना सांगायला गेले, पण अर्धवटच बोलले. सर म्हणाले, “तुझं टार्गेट होत असेल तर राहू दे, पोरी.”

रिपोर्ट २० जुलैला द्यायचा आहे. १०० प्रश्नावल्या हव्या होत्या, त्यातल्या ६२ मी रात्री बसून स्वतःच भरल्या. सगळे असंच करतात. मॅनेजर म्हणाले आहेत की पीपीओसाठी, म्हणजे शिक्षण संपण्याआधीच मिळणाऱ्या नोकरीच्या ऑफरसाठी, नाव पाठवतो. आई खूश आहे, बँकेतली नोकरी म्हणून. मला मात्र शाखेत पाऊल टाकावंसं वाटत नाही. मी बँकेत जायचंच नाही का?

– नाव छापू नका

*

आज ६ जुलै. पॉलिसी १८ जूनला हातात पडली, म्हणजे अठरा दिवस गेले आणि बारा उरले. तुझ्या बाकीच्या प्रश्नांना वर्षभर वेळ आहे, याला नाही, म्हणून हे आधी.

आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. पूर्वी ही मुदत बहुतेक पॉलिसींना १५ दिवसांची होती, २०२४ पासून ३० झाली. अटी पटल्या नाहीत, एवढं कारण पुरतं. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांच्या जोखमीची रक्कम कापून बाकी सगळे पैसे परत मिळतात. दोन लाखांतून जाणारी रक्कम किरकोळ असते. एकतिसाव्या दिवशी हीच पॉलिसी सोडवायला गेलात तर तिचं नाव ‘सरेंडर’ होतं, आणि पहिल्या वर्षी सरेंडर करणाऱ्याच्या हातात काय उरतं ते सरांच्या पॉलिसीतल्या तक्त्यात छापलेलं आहे. तो तक्ता बघ. बघितल्यावर मी घाई का करते आहे ते कळेल.

अर्ज सरांनी करायचा, सही त्यांची. साध्या कागदावर चालतो: पॉलिसी क्रमांक, ती मिळाल्याची तारीख, फ्री लुकमध्ये रद्द करायची आहे हे एक वाक्य, आणि पैसे ज्या खात्यात हवेत त्याचा रद्द केलेला चेक. सोबत मूळ पॉलिसी. ती देण्याआधी पानन्‌पान झेरॉक्स काढून ठेवा, कुरिअरचं पाकीटही टाकू नका, त्यावर तारीख असते. अर्ज विमा कंपनीच्या सोलापुरातल्या कार्यालयात द्या. तुमच्या शाखेतही घेतील, पण तिथे तो आरएमच्या ड्रॉवरमध्ये ‘बघू’ होऊन पडायची भीती आहे. त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला सरांच्या मेलवरून तेच पाठवा. मग फोन येतील. आता काढलंत तर बोनस जाईल, मॅडम स्वतः भेटायला येतील, योजना बदलून देऊ, असं सगळं गोड आवाजात. सरांनी एकच सांगायचं: अर्ज दिला आहे, त्याचं उत्तर लेखी द्या.

त्यांनी टाळाटाळ केली तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जायचं, मग विमा लोकपालाकडे. त्याचं एक कार्यालय पुण्यातही आहे. तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. तारखेच्या आत शिक्का मारलेला अर्ज असेल तर कंपनी वाद घालत बसत नाही.

आता सरांचं ते वाक्य. तू ते पत्रात जाता जाता लिहिलं आहेस. मी दोनदा वाचलं आणि चहा गार झाला.

तुझ्या सरांना वाटतं आहे की त्यांनी एफडीवरचं थोडं व्याज सोडलं आणि विद्यार्थिनीचं भलं केलं. दर वर्षी दोन लाख भरायचे आहेत हे त्यांना कळलेलंच नाही, कारण तू अर्धवट बोललीस. सात गुणिले दोन, चौदा लाख. शेवटचा हप्ता भरताना ते ७५ वर्षांचे असतील. पुढच्या जूनमध्ये हप्त्याची नोटीस येईल तेव्हा तू कुठल्या शहरात असशील माहीत नाही, आरएमची बदली झालेली असेल, आणि सर पेन्शनच्या पासबुकाकडे बघत बसतील. तेव्हाही ते कुणाला बोलणार नाहीत, कारण पॉलिसी विद्यार्थिनीने दिली आहे. त्या पिढीतली माणसं फसली तर गप्प बसतात, लाज फसवणाऱ्याऐवजी त्यांनाच वाटते. पस्तीस वर्षं काउंटरमागे बसून हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता ‘राहू दे’ ऐकलं तरी पोटात खड्डा पडतो.

त्यांना समजावत बसू नकोस. कागद घे, गणित मांड. वर्ष, वय, हप्ता, एकूण भरलेले, त्या वर्षी सोडली तर मिळणारे. सात ओळी. गणिताच्या शिक्षकाला सात ओळी पुरतात. आणि पत्नी समोर असू देत, त्यांना तेलुगूत सांग. पहिल्यांदा तेलुगूत सांगितलंस ना, मग दुरुस्तीही त्याच भाषेत व्हायला हवी.

दोष कुणाचा, हे तू सरळ विचारलेलं नाहीस, पण चार पानं त्यावरच आहेत. फॉर्मची प्रत सरांकडे असेल, तिच्यावर विक्री करणाऱ्याचा कोड बघ. बँकेतून विमा विकायला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेली, नेमून दिलेली व्यक्तीच लागते. इंटर्नला विमा विकायचा अधिकार नाही. म्युच्युअल फंडाचंही तसंच, तिथेही परीक्षा आणि कोड आहे. म्हणजे त्या दिवशी सरांच्या दिवाणखान्यात कागदोपत्री तू नव्हतीसच. कोड आरएमचा, आवाज तुझा. उद्या चौकशी झाली तर तुझं नाव कुठेच निघणार नाही, यात तुझी सुटका आहे. आणि आरएमने तुला सोबत का नेलं, तेही यातच आहे.

एक कडू गोष्ट सांगते, राग मानू नकोस. त्या शाखेने तुला इंटर्न म्हणून घेतलं ते तुझ्या मार्कांवर नाही. तुझ्या गोतावळ्यावर घेतलं. पूर्व भागात जन्मलेली, तेलुगू बोलणारी, घरोघरी ‘अमुकची मुलगी’ म्हणून दार उघडलं जाईल अशी मुलगी त्यांना आठ आठवडे जवळजवळ फुकटात मिळाली. परगावच्या आरएमला त्या घरांत पाणीही कुणी विचारलं नसतं. उन्हाळ्यात कॅनोपीखाली तुझी दोन खाती झाली आणि ओळखीत अकरा झाली, यातच सगळा हिशेब आला. मॅनेजरचा प्रश्न आठव: ओळखीचं कुणीच नाही का तुझ्या?

यात तो मॅनेजर राक्षस आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यावर क्लस्टर हेड, त्याच्यावर रीजनल हेड, रोज संध्याकाळी कॉन्फरन्स कॉलवर आकडा वाचून दाखवायचा. बचत खात्यावर मोठ्या बँका आज अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देतात आणि तोच पैसा कर्जाने देताना त्याच्या तिप्पट-चौपट घेतात, म्हणून चालू आणि बचत खात्यांतला स्वस्त पैसा, म्हणजे ‘कासा’, सगळ्यांना हवा. विमा विकला की बँकेला कमिशन मिळतं, त्यात भांडवल अडकत नाही, कर्जासारखं बुडत नाही. वरून बघणाऱ्याला हे उत्पन्न फार देखणं दिसतं. खाली ते सरांच्या एफडीतून येतं.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत वेल्स फार्गो नावाच्या मोठ्या बँकेत एका ग्राहकाला आठ गोष्टी विकायच्या असं घोषवाक्यच होतं. टार्गेट भरायला लोकांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा अशी सुमारे वीस लाख खाती असावीत असा अंदाज होता आणि १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. तोवर बँकेने सुमारे ५,३०० माणसं कामावरून काढली होती, बहुतेक खालच्या पायरीवरची. टार्गेट वरून खाली येतं आणि दोषही त्याच जिन्याने खाली उतरतो. तू अजून त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरही नाहीस, हे बरं आहे.

मी हे उपदेश म्हणून लिहीत नाही, तो अधिकार मी कधीच घालवला. २००७ साली मी एका सरकारी बँकेच्या शाखेत अधिकारी होते. तेव्हा युलिपची लाट होती. एकाच पॉलिसीत विमाही आणि शेअर बाजारातली गुंतवणूकही. आम्हाला शिकवलेलं वाक्य होतं, “तीनच वर्षं भरायचे, मग विसरून जा.” माझ्या काउंटरला एक बालवाडीच्या बाई यायच्या, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक छापून घ्यायला. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. रबर सोडून पासबुक माझ्याकडे द्यायच्या आणि छापून होईपर्यंत रबर मनगटात घालून उभ्या राहायच्या. त्यांना मी ती पॉलिसी दिली. शाखेचा आकडा भरला, मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पहिल्या हप्त्यातला मोठा तुकडा आकारांतच गेला होता, आणि मग २००८ उजाडलं. जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरमध्ये ९ हजारांच्या खाली. बाई काही म्हणाल्या नाहीत. फक्त त्यानंतर त्या शेजारच्या काउंटरला जायला लागल्या. तिथे रांग असली तरी तिथेच. रबर मनगटात घालून उभ्या, नजर पासबुकावर. विमा नियामकाने सप्टेंबर २०१० मध्ये युलिपचे नियम आवळले, आकारांना मर्यादा आली, पैसे अडकून राहायची मुदत तीन वर्षांची पाच झाली. बाईंना त्याचा उपयोग नव्हता. मी काउंटर सोडून त्यांच्याजवळ गेले नाही. अडीच वर्षांत एकदाही नाही. तुला अजून बारा दिवस आहेत, म्हणून हे सांगितलं.

आत्याचं काम सोपं आहे. खातं चालवायचं नसेल तर बंद करा; आकार लागतो का ते बँकेच्या आकारपत्रकात बघ, आकारपत्रक वेबसाइटवर असतं. चालवायचं असेल तर शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्यात बदलून मागा. तोवर आत्याची झोप उडू देऊ नकोस. किमान शिलकीच्या दंडापोटी बचत खातं उण्यात नेता येत नाही, आणि दंड लावण्याआधी कळवावं लागतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आलेला मेसेज ते कळवणंच असेल. बाकी दहा जणांनाही फोन कर. ‘खातं माझ्यासाठी उघडलं होतंत, आता माझं काम झालं, हवं तर ठेवा नाहीतर बंद करा’, एवढं सांगितलंस की लग्नकार्यात तोंड चुकवावं लागणार नाही. आणि हो, ज्यांचं राहील त्यांच्या खात्याला वारस नोंदवलेला आहे का बघ. गडबडीत उघडलेल्या खात्यांत तो रकाना हमखास रिकामा असतो.

मोबाइलवर कॉलिंगची यादी असेल. नावं, नंबर, कुणाची एफडी कधी संपते. व्हॉट्सॲपवरून आली असेल आणि बॅकअपमध्येही गेली असेल. आजच पुसून टाक. ती तुझी नाही.

आता रिपोर्ट. ६२ प्रश्नावल्या फाड.

सगळे असंच करतात, हे खरं आहे. मी दोन कॉलेजांत परीक्षक म्हणून तोंडी घ्यायला जाते. घरी बसून भरलेल्या प्रश्नावल्या दुरून ओळखू येतात: ८४ टक्के ग्राहक समाधानी, ११ टक्के तटस्थ, आणि एकालाही पासबुक छापायच्या यंत्राचा राग आलेला नाही. ज्या शाखेत ते यंत्र बंद नाही अशी शाखा मी तरी पाहिलेली नाही. त्यापेक्षा ‘प्रतिसाद ३८’ असं लिही. शंभरचं उद्दिष्ट होतं, अडतीस मिळाले, का मिळाले नाहीत तेही लिही: दिवसातला बराचसा वेळ खाती उघडण्यात गेला. हे एक वाक्य तुझ्या रिपोर्टमधलं सगळ्यात खरं निरीक्षण असेल. मार्गदर्शक कुरकुरतील. त्यांना आधी भेट, संख्येबद्दल आणि सरांच्या पॉलिसीबद्दल दोन्ही सांग. कंप्लीशन सर्टिफिकेट हातात आलं नसेल तर हे आणखीच गरजेचं. बँकेकडून ते अडलं तर कॉलेजला आधीपासून माहीत असलेलं बरं.

लिहायला तुझ्याकडे भरपूर आहे. अकरा ओळखीच्या खात्यांतली आज किती हलतात, कितींत उघडताना भरलेल्या पैशाखेरीज काहीच आलेलं नाही, ते मोज. त्यांना विचारून, नाव-क्रमांक न देता. एक टेबल होईल आणि त्याची बरोबरी कुठलीही प्रश्नावली करणार नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या डिसेंबरमध्ये ग्राहकहक्कांची सनद काढली, तिच्यात पाच हक्क आहेत. त्यातला एक असा की विकलेली गोष्ट त्या ग्राहकाच्या गरजेला आणि परिस्थितीला साजेशी असली पाहिजे. ही सनद घे आणि एका निवृत्त माणसाला सात वर्षांचा हप्ता कसा विकला जातो याची काल्पनिक उदाहरण म्हणून चर्चा कर. बँकेचं, आरएमचं, सरांचं नाव नको. विद्यापीठाच्या रिपोर्टात भांडण मांडायचं नसतं, काम कसं चालतं ते मांडायचं असतं.

पीपीओ मात्र गेला असं धर. सरांची पॉलिसी रद्द झाली की तो आकडा शाखेच्या खात्यातून वजा होतो, आणि महिन्याच्या बैठकीत कुणामुळे, हे विचारलं जातं. मॅनेजर समजूतदार निघाला तर उत्तमच. पण त्या आशेवर अर्ज दोन दिवसही पुढे ढकलू नकोस. तोंडी पीपीओला तसाही काही अर्थ नसतो. ‘नाव पाठवतो’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी मुलांना ऐकवलं आहे.

आणि बँकेत जायचंच नाही का? तुझ्या पत्रात अर्धं पान असं होतं जे मी वर कापलं. चौथ्या आठवड्यात ऑपरेशन्सच्या मॅडम रजेवर जाणार होत्या, म्हणून तुला तीन दिवस क्लिअरिंगला, म्हणजे चेक तपासून वटवायच्या कामाला, बसवलं. त्यांनी चेक निळ्या दिव्याखाली धरून दाखवला आणि कोऱ्या वाटणाऱ्या कागदावर बँकेचं चिन्ह चमकलं. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते का, तारीख तीन महिन्यांच्या आतली आहे का, सही कार्डावरच्यासारखी आहे का. एका चेकवर तू ‘सत्तर’ आणि ‘सतरा’ यांतला फरक पकडलास. त्या अर्ध्या पानात तुझं अक्षरसुद्धा वेगळं आहे, ओळी सरळ आहेत. ‘मला वाईट वाटलं’ हे शब्द चार पानांत नऊ वेळा आले, तिथे एकदाही नाहीत.

रिटेल बँकिंग म्हणजे विक्रीच, असं तुला आठ आठवड्यांत दाखवलं गेलं, कारण इंटर्नला तेवढंच दाखवतात. ऑपरेशन्स आहे, कर्जाची छाननी आहे, ऑडिट आहे, फसवणूक शोधणारे विभाग आहेत. सोलापूर-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सहकारी बँका आहेत, तिथे कर्जदाराचा कारखाना प्रत्यक्ष बघून फाइल लिहावी लागते. यंत्रमागाचा आवाज ऐकत वाढलेल्या मुलीला तिथे तीन पायऱ्यांची आघाडी आहे. आयबीपीएसची, म्हणजे सरकारी बँकांच्या भरतीची, परीक्षा देऊन तिकडे जायचं असेल तर जा. तिथे टार्गेट नसतं असं आईला वाटत असेल तर तो गैरसमज दूर कर. माझं घड्याळ सरकारी बँकेतूनच आलं होतं. मुलाखतीत विचारलं की इंटर्नशिपमध्ये काय केलंस, तर खाती किती उघडली ते सांगू नकोस. सत्तर आणि सतरा सांग.

एवढं सगळं वाचून उद्या सकाळी सरांकडे जाशील तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य काय काढायचं, हेच सुचणार नाही. म्हणून देते. “सर, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ही एफडी नाही. दरवर्षी दोन लाख भरायचे आहेत. रद्द करायचा अर्ज मी लिहून आणला आहे, वाचून बघा.” माफी मागायची तर नंतर माग, आधी मागितलीस की ते तुलाच समजावत बसतील आणि अर्ज बाजूला राहील. ते परत म्हणतील राहू दे. तेव्हा सात ओळींचा कागद पुढे कर आणि गप्प बस.

मग रिक्षा करून दोघं कंपनीच्या कार्यालयात जा. अकराच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीआधी. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर पोच घ्या. शिक्क्यात तारीख नीट उमटली आहे ना ते तिथेच उजेडात बघ. स्टॅम्प पॅड बहुतेक वाळलेलं असतं, आणि आकडा ‘६’ चा ‘८’ दिसायला लागला की कुणी मान्य करत नाही. पुसट असेल तर पेनने तारीख लिहून खाली त्यांची सही घे.